१२३४५६५४३२१: एक मोठी संख्या हातानं उकलायची कशी

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण ती नुसती वाचतात आणि सोडून देतात. पण एकच संख्या धरून बसलं, वही उघडली आणि नीट क्रमानं गेलं तर तिच्यातून इतकं काही निघतं की एक अख्खी संध्याकाळ कमी पडते. हा लेख त्यासाठीच आहे, ज्यांनी हे आधी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी. दहावीपर्यंतचं गणित पुरे. चौकटीची वही, पेन्सिल आणि दुकानात बिलासाठी असतो तसला १२ अंकी कॅल्क्युलेटर, बस, एवढंच सामान लागतं. मेन रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळून जाईल.

संख्या मी मुद्दाम १२३४५६५४३२१ घेतलीय. एक म्हणजे ती दिसायला सुंदर आहे, आणि दुसरं म्हणजे तिचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीशी संबंध आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा, पण १९३० ते १९६२ एवढी वर्षं शाळामास्तर म्हणून इकडेच काढली आणि १९८६ साली देवळालीतच गेले. त्यांचा ६१७४ हा आकडा, म्हणजे कापरेकर स्थिरांक, आता जगभर माहीत आहे, पण अशा वर चढून खाली उतरणाऱ्या संख्यांवरही त्यांनी प्रेमानं काम केलंय, त्याकडे येतोच.

सुरुवात करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. संख्येचे गुण दोन जातीचे असतात. काही गुण तिच्या लिहिण्यावर अवलंबून असतात, म्हणजे अंक कोणते, किती, कुठल्या क्रमानं. आणि काही गुण आतले असतात, म्हणजे ती कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनलीय यावर ठरणारे. लिहायची पद्धत बदलली की पहिल्या जातीचे गुण बदलतात, दुसऱ्या जातीचे तसेच राहतात. आपली संख्या उलटी वाचली तरी तीच येते, पण हीच बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहा, ३४ अंक होतात, सुरुवात १०११ अशी आणि शेवट ०००१ असा, म्हणजे तिथे उलटसुलट सारखेपणा संपला. तिचे विभाजक मात्र बायनरीतही तेवढेच. नवीन माणूस दोन्ही एकत्र कालवतो आणि मग गोंधळतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पहिली पायरी, संख्या लिहायची आणि मोठ्यानं वाचायची. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,५४,३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. हे बिनकामाचं वाटेल पण वाचल्याशिवाय एखादा अंक गळलाय की जास्त झालाय ते कळत नाही. एकूण ११ अंक. मग त्याच्या खालीच परत लिहा, पण ह्या वेळी तीन-तीनचे गट पाडून, १२, ३४५, ६५४, ३२१. गट उजवीकडून पाडायचे, हे फार महत्त्वाचं, का ते पुढे कळेल.

दुसरी पायरी, अंकांची बेरीज. १+२+३+४+५+६+५+४+३+२+१, होतात ३६. ३६ ला ९ नं भाग जातो म्हणजे आख्ख्या संख्येला ९ नं भाग जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. मग एक सोडून एक अधिक-उणे करा, १−२+३−४+५−६+५−४+३−२+१, येतं ०. हे शून्य आलं की ११ नं भाग जातो. ही दोन कामं दोन मिनिटांची आहेत आणि कुठलीही मोठी संख्या हातात आली की सगळ्यात आधी हीच करावीत असं माझं मत आहे.

आता तिसरी पायरी, आणि इथे जरा थांबायचंय कारण खरी मजा इथे आहे.

७ × ११ × १३ = १००१. हा एक गुणाकार ज्याला पाठ आहे त्याचं अर्धं काम झालं. हजार म्हणजे १००१ वजा १, त्यामुळे तीन-तीनचे गट पाडून एक गट अधिक, पुढचा उणे, पुढचा अधिक असं करत गेलं की जे उरतं त्याला ७ नं, ११ नं किंवा १३ नं भाग गेला तर पूर्ण संख्येलाही जातो. एका दगडात तीन पक्षी. आपल्या संख्येला लावू, ३२१ − ६५४ + ३४५ − १२. ३२१ मधून ६५४ गेले, उणे ३३३. त्यात ३४५ मिळवले, १२. त्यातून १२ गेले, शून्य. पूर्ण शून्य! म्हणजे नुसतं सातानं किंवा तेरानं नाही, अख्ख्या १००१ नंच भाग जातो.

माझी भाची इंदिरानगरला राहते, नववीत आहे, तिला ही संख्या दिली तेव्हा तिनं गट डावीकडून पाडले, १२३, ४५६, ५४३, २१. मग २१ − ५४३ + ४५६ − १२३ केलं आणि उणे १८९ आलं. म्हणाली, "मामा, सातानं जातंय पण अकरानं नाही जात." आणि मग स्वतःच थांबली, कारण वरच्या ओळीत अधिक-उणे करून शून्य तिनंच काढलं होतं, म्हणजे अकरानं जायलाच पाहिजे. दोन उत्तरं जुळेनात. पाच मिनिटं वहीकडे बघत बसली, मग खोडरबर घेतला आणि गट उजवीकडून परत पाडले. हे मला फार आवडलं, कारण एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी तपासायची सवय लागली की कुणाला विचारायला जावं लागत नाही, चूक स्वतःच हात वर करते.

भाग जातो हे कळलं, आता भाग द्या. १२३४५६५४३२१ ÷ १००१ = १२३३३३२१. खरं की नाही ते उलट गुणून बघा, १००१ नं गुणणं म्हणजे तीच संख्या तीन घरं डावीकडे सरकवून परत तिच्यातच मिळवणं, १२३३३३२१००० + १२३३३३२१, आली ना बरोबर. आता ह्या १२३३३३२१ चे परत गट पाडा, १२, ३३३, ३२१. ३२१ − ३३३ + १२, परत शून्य! परत १००१ नं भागा, उरले १२३२१.

१२३२१ ला परत तीच युक्ती लावली तर ३२१ − १२ = ३०९, त्याला ना सातानं भाग जातो ना अकरानं ना तेरानं. मग दुसरी चावी काढायची. ९९९ = २७ × ३७. हजार म्हणजे ९९९ अधिक १, म्हणून ह्या वेळी गट नुसते मिळवायचे, उणे काही नाही. १२ + ३२१ = ३३३, आणि ३३३ म्हणजे ९ × ३७. म्हणजे ३७ नं भाग जातो. १२३२१ ÷ ३७ = ३३३, ३३३ ÷ ३७ = ९, आणि ९ म्हणजे ३ × ३. संपलं. अकरा अंकी संख्या पूर्ण फुटली:

१२३४५६५४३२१ = ३ × ३ × ७ × ७ × ११ × ११ × १३ × १३ × ३७ × ३७

ह्या ओळीभोवती चौकट आखा. पुढचं जवळजवळ सगळं इथूनच येणार आहे.

बघा, प्रत्येक मूळ संख्या बरोबर दोनदा आलीय. म्हणजे ही पूर्ण वर्ग संख्या आहे, आणि वर्गमूळ ३ × ७ × ११ × १३ × ३७ = ११११११. सहा एक्के! ११११११ चा वर्ग १२३४५६५४३२१. असं का होतं ते बघायचं असेल तर शाळेत करायचो तसा उभा गुणाकार मांडा. ११११११ च्या सहा ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यातले एक्के मोजा, उजवीकडून पहिल्या रकान्यात १, मग २, मग ३, असं मधल्यात ६, आणि मग परत ५, ४, ३, २, १. कुठेच हातचा येत नाही म्हणून जिना स्वच्छ दिसतो. नऊ एक्क्यांपर्यंत हे चालतं. दहा एक्के घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं काहीतरी येतं, जिना मोडतो.

चौथी पायरी, विभाजक किती? प्रत्येक विभाजक बनवताना पाच मूळ संख्यांपैकी प्रत्येक एक तर घ्यायची नाही, एकदा घ्यायची किंवा दोनदा घ्यायची. तीन पर्याय, पाच वेळा, ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. विभाजकांची संख्या विषम आली, आणि ती यायलाच हवी होती कारण विभाजक जोडीनं येतात, फक्त ११११११ ची जोडी स्वतःशीच लागते. एखाद्या संख्येचे विभाजक विषम आले की ती वर्ग संख्याच असते, दुसरं कुणी नाही.

विभाजकांची बेरीज हा माझा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येक मूळ संख्येसाठी एक कंस धरायचा, १+३+९ = १३, १+७+४९ = ५७, १+११+१२१ = १३३, १+१३+१६९ = १८३, १+३७+१३६९ = १४०७, आणि ह्या पाचांचा गुणाकार म्हणजे सगळ्या २४३ विभाजकांची बेरीज. पण एकदम पाचही गुणू नका, आधी ३७ बाजूला ठेवा आणि चारच घ्या, मग काय दिसतं बघा.

३ × ७ × ११ × १३ = ३००३. त्याचा वर्ग ९०,१८,००९. त्याच्या विभाजकांची बेरीज १३ × ५७ × १३३ × १८३ = १,८०,३५,१९९. आणि ९०,१८,००९ ची दुप्पट १,८०,३६,०१८. किती जवळ! फक्त ८१९ कमी पडले. पावणेदोन कोटींच्या पुढे जाऊन ८१९ कमी. आणि ही कमतरता दुपटीच्या बरोबर २२०२२ व्या भागाएवढी आहे, ८१९ × २२०२२ करून बघा.

दुपटीशी तुलना का करायची, तर विभाजकांची बेरीज बरोबर दुप्पट आली तर ती संख्या परफेक्ट म्हणतात, ६ आणि २८ सारखी, आणि दुपटीपेक्षा जास्त आली तर अबंडंट. विषम परफेक्ट संख्या आजपर्यंत एकही सापडलेली नाही आणि ती नसतेच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, त्यामुळे विषम संख्या दुपटीच्या इतकी जवळ जाताना दिसली की छातीत धडधडतं. पण इथे ते कधीच जमणार नव्हतं, आणि त्याचं कारण साधं आहे. विषम वर्ग संख्येसाठी प्रत्येक कंसात विषम आकडे आणि तेही विषम संख्येनं असतात, म्हणून प्रत्येक कंस विषम, सगळ्यांचा गुणाकार विषम, आणि दुप्पट तर सम असते. विषम आणि सम कधी सारखे होणार? म्हणजे विषम वर्ग संख्या परफेक्ट होऊच शकत नाही. हे दोन ओळींचं सिद्धांताचं काम आहे, वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.

आता ३७ आत घ्या. १,८०,३५,१९९ × १४०७ = २५,३७,५५,२४,९९३. आपल्या संख्येची दुप्पट २४,६९,१३,०८,६४२. ह्या वेळी बेरीज ६८,४२,१६,३५१ नं पुढे गेली. म्हणजे आपली संख्या विषम असून अबंडंट. ३००३ चा वर्ग काठावर अडला होता, ३७ नं त्याला पलीकडे ढकललं. विषम अबंडंट संख्या तशा कमी असतात, सगळ्यात लहान ९४५.

आपल्या संख्येशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, म्हणजे तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १ पासून तिच्यापर्यंत किती? ११११११ × २ × ६ × १० × १२ × ३६, म्हणजे ५,७५,९९,९४,२४०. साधारण निम्म्याला थोड्या कमी. ह्यात जास्त रेंगाळण्यासारखं काही नाही, पुढे चला.

आता कापरेकरांच्या वाटेनं. इथून पुढचे गुण अंकांवरचे आहेत. त्या काळी बऱ्याच गणितवाल्यांना ते हलके वाटायचे, शाळामास्तराचा खेळ म्हणून बघायचे. मला ते अजिबात हलके वाटत नाहीत, नवीन माणसाला हातात धरायला इतकी सोपी आणि आत इतकी खोल जाणारी गोष्ट दुसरी मिळत नाही.

पहिली कसोटी, डेम्लो. मुंबईपासून तीसेक मैलांवर जुन्या जीआयपी रेल्वेचं डेम्लो स्टेशन होतं, आताचं डोंबिवली, तिथे कापरेकरांना ही कल्पना सुचली म्हणून नाव डेम्लो. संख्येचे तीन तुकडे करायचे, मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा परत परत, आणि डावा-उजवा तुकडा मिळवला की तोच अंक परत परत यायला हवा. १६५ घ्या, १ आणि ५ मिळून ६. २५५३ घ्या, २ आणि ३ मिळून ५. आपली संख्या, डावीकडे १२३४५, मध्ये ६, उजवीकडे ५४३२१. १२३४५ + ५४३२१ = ६६६६६. पास, आणि थाटात पास.

दुसरी, हर्षद. अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग गेला पाहिजे. बेरीज ३६ सम, संख्या विषम, नापास. एक्क्यांच्या वर्गांचं हे कुटुंब आहे ना, १, १२१, १२३२१ असं १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत, त्यातले फक्त तीन हर्षद आहेत, १, १२३२१ आणि शेवटचा. का ते शोधायला घ्या, फार अवघड नाही.

तिसरी, स्वयं-संख्या, हिलाच कापरेकरांच्या गावावरून देवळाली संख्या पण म्हणतात. कल्पना अशी, कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या मिळते. जसं २१ + ३ = २४, म्हणजे २४ ची जनक २१. पण काही संख्यांना असा जनकच नसतो, १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ह्या देवळाली संख्या. आपल्या संख्येला जनक आहे का?

वाटेल की बारा अब्ज संख्या तपासाव्या लागतील. नाही, फक्त अकरा. जनकाच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ९९, कारण अकरा अंकी संख्येत अकरा नव्वे, आणि ९ नं भागल्यावरची बाकी जुळवली तर ही बेरीज ९ च्या पटीतच असावी लागते. म्हणजे आपल्या संख्येतून ९, १८, २७ असं ९९ पर्यंत वजा करत जायचं आणि प्रत्येक वेळी जे उरतं त्याच्या अंकांची बेरीज तेवढीच येते का बघायचं. सुरुवातीचे आठ अंक १२३४५६५४ कधीच बदलत नाहीत, त्यांची बेरीज ३०, त्यामुळे फक्त शेवटचे तीन अंक बघायचे. ९ वजा केले, शेवट ३१२, बेरीज ३६, जुळत नाही. १८, शेवट ३०३, परत ३६, नाही. २७, शेवट २९४, बेरीज ४५, नाही. ३६, शेवट २८५, बेरीज ४५, नाही. ४५, शेवट २७६, बेरीज ३० + १५ = ४५. जुळलं! १२३४५६५४२७६ मध्ये तिचीच अंकांची बेरीज ४५ मिळवली की १२३४५६५४३२१. उरलेल्या सहा पण तपासून टाका, एकही जुळत नाही, म्हणजे जनक आहे आणि एकमेव आहे. आपली संख्या देवळाली संख्या नाही. पण ती नाही हे कळण्यातला आनंद ती असण्यापेक्षा कमी नाही, कारण जनक हातानं शोधून काढला.

चौथी, कापरेकर संख्या. वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, मिळवले की सुरुवातीची संख्या परत यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. आधी ११११११ ला लावू, वर्ग आपलीच संख्या, तुकडे १२३४५ आणि ६५४३२१, बेरीज ६६६६६६. ११११११ नाही आली, पण तिच्या बरोबर सहापट आली, आणि सहा म्हणजे एक्के किती ते. मग आपल्या अकरा अंकी संख्येचं काय? तिचा वर्ग २१ अंकी होतो, कॅल्क्युलेटर हात टेकतो, म्हणून विचार करायचा. वर्गाचे तुकडे डावा आणि उजवा, उजवा ११ अंकी, दोघांची बेरीज संख्येएवढी असेल तर वर्गातून संख्या वजा केल्यावर जे उरेल त्याला ९९९९९९९९९९९ नं भाग जायला हवा. हे अकरा नव्वे म्हणजे ९ × २१६४९ × ५१३२३९. आता संख्या गुणिले संख्या-वजा-१ मध्ये २१६४९ कुठून येणार? संख्येचे मूळ अवयव आपल्याला माहीत आहेत, सगळ्यात मोठा ३७. आणि संख्या-वजा-१ म्हणजे १११११० × १११११२, ज्यात २, ५, ४१, २७१, १७, १९, ४३ एवढेच. २१६४९ नाहीच. नापास, आणि वर्ग न करता नापास केलं.

पाचवी पायरी पायथागोरसची. ११११११ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होऊ शकतो का? मूळ अवयवांना ४ नं भागून बाकी बघायची. ३, ७, ११ ची बाकी ३, त्यांचा उपयोग नाही. १३ आणि ३७ ची बाकी १, त्रिकोण ह्यांच्यातूनच येतात. ३७ चा त्रिकोण १२, ३५, ३७. तिप्पट केला, ३६, १०५, १११. मग १००१ नं गुणला:

३६०३६ चा वर्ग + १०५१०५ चा वर्ग = १२३४५६५४३२१

खात्री करायची असेल तर पहिला वर्ग १,२९,८५,९३,२९६ आणि दुसरा ११,०४,७०,६१,०२५, मिळवून बघा. असे एकूण चार त्रिकोण आहेत, बाकीच्या बाजू ४२७३५ आणि १०२५६४, ७३६८९ आणि ८३१६०, ७१६१ आणि ११०८८०. हे तीन कुठून आले ते १३ चा ५, १२, १३ हा त्रिकोण घेऊन शोधायला लागा, एक लगेच सापडेल, उरलेल्या दोघांना थोडा घाम गाळावा लागेल.

सहावी पायरी, १ भागिले आपली संख्या. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ८.१०००१६२ च्या पुढे घातांक असं काहीतरी दिसेल आणि तुम्ही सोडून द्याल. सोडू नका. दशांश चिन्हापुढे सहा-सहाचे गट पाडून लिहिलं तर ते असं आहे:

०.००००००  ००००८१  ०००१६२  ०००२४३  ०००३२४  ०००४०५ ...

८१ चा पाढा! ८१, १६२, २४३, ३२४, ४०५, पुढे जातच राहतो. कारण ११११११ ला ९ नं गुणलं की ९९९९९९, म्हणून आपल्या संख्येला ८१ नं गुणलं की ९९९९९९ चा वर्ग. आणि १ भागिले ९९९९९९ म्हणजे ०.०००००१ ०००००१ ०००००१ असं अनंत, त्याचा वर्ग केला की वरच्या उभ्या गुणाकारासारखेच एक्के रचले जातात, १, २, ३, ४, फक्त इथे ओळी संपत नाहीत म्हणून जिना खाली उतरतच नाही. पाढा नीट चालतो आणि पहिल्यांदा गडबड होते ती १२३४५ व्या पदाला, तिथे ९९९९४५ यायला हवं पण पुढच्याचा हातचा येऊन ९९९९४६ होतं. बरोबर १२३४५ ला! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. आणि हा सगळा दशांश २२२२२२ अंकांनी, म्हणजे असे ३७०३७ गट झाल्यावर, पहिल्यापासून परत सुरू होतो.

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी थोडं. आपली संख्या ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी आहे, म्हणजे ३२ बिटांत मावत नाही, जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये ती टाकली तर भलतंच उत्तर येईल आणि एररही दिसणार नाही. एक्सेलमध्ये ती मावते, पण एक्सेल १५ अंकांपुढे शून्य भरतं, त्यामुळे तिचा वर्ग तिथे करू नका. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो. पण माझं ऐकाल तर पहिली संख्या पूर्ण हातानंच करा, मशीन नंतर तपासायला घ्या, कारण मशीन २४३ एका क्षणात सांगतं आणि ३००३ चा वर्ग ८१९ नं चुकला हे दाखवतच नाही.

हे झालं की पुढची घ्या, १२३४५६७६५४३२१, सात एक्क्यांचा वर्ग. दिसायला बहीणच, पण आतून पूर्ण वेगळी. अंकांची बेरीज ४९, तीननं भाग नाही. गट अधिक-उणे करा, १ उरतो, म्हणजे ७, ११, १३ तिन्ही बाद. गट नुसते मिळवा, ३७ पण बाद. आपल्या सगळ्या चाव्या एकाच वेळी बंद पडतात. अशा वेळी वर्गाला भागत बसू नका, सात एक्के, १११११११ ला भागा, आणि त्यातही ज्या मूळ संख्येला ७ नं भागून बाकी १ उरते त्याच तपासा, दुसऱ्या कुठल्याही चालूच शकत नाहीत. २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, ह्या सात जात नाहीत. आठवी २३९, ती जाते, आणि भागाकार ४६४९ येतो, तो पण मूळच. म्हणजे ह्या तेरा अंकी संख्येला विभाजक फक्त नऊ, कुठे २४३ आणि कुठे नऊ. जनक मात्र हिलाही आहे, वजा करायची बेरीज ह्या वेळी ९ च्या पटीत नसून ९ नं भागून बाकी २ देणारी असेल, म्हणजे २, ११, २०, २९ असं जायचं. शेवटचे तीन अंक २६५ आले तर बरोबर आलंय.